नोंदींची जोडणी : माहितीसंच, दुभाषे आणि आपण

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कानाला रुक्ष वाटेल. निरनिराळ्या यंत्रणांवरील माहितीसंच एकमेकांस जोडावयाचे आहेत, आणि त्यांच्यामध्ये बोलणे घडवून आणणारा ड्रायव्हर मात्र जुळत नाही. अशा वेळी काय करावे, हा तो विषय होय. हे काम संगणकतज्ज्ञांचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी काहींना वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून मी यंत्रापासून सुरुवात न करता एका वृद्ध बाईंपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी बसलो असता या बाई आल्या. त्यांचे मासिक अर्थसाहाय्य चार महिने खात्यात जमा झाले नव्हते. यादीत नाव होते, मंजुरी होती, रक्कमही पाठविली गेली होती. परंतु ती दरवेळी परत येत होती. शोध घेता असे आढळले की, कार्यालयातील जुना संगणक बंद पडल्याने नवा आणला होता. जुन्या यादीतून नव्या यंत्रणेकडे माहिती नेणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालेना, कारण तिला लागणारा ड्रायव्हर त्या संगणकासाठी उपलब्धच नव्हता. तेथील लिपिकाने काम अडू नये म्हणून सर्व यादी स्प्रेडशीटमध्ये घेतली आणि तेथून पुढे पाठविली. बाईंचा खाते क्रमांक सोळा अंकी होता. स्प्रेडशीट सामान्यतः कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक ठेवते. सोळाव्या अंकाच्या जागी ती शून्य लिहिते. यादीतील बहुतेकांचे खाते क्रमांक अकरा अंकी असल्याने ते सुखरूप राहिले. सोळा अंकी खाती असलेल्या पाच-सहा जणांचे क्रमांक बदलले. लिपिकाने कसूर केली नव्हती, बँकेने केली नव्हती, आणि बाईंनी तर मुळीच केली नव्हती. तरी चार महिने त्यांच्या घरी पैसे पोहोचले नाहीत.

आजच्या विषयाचे महत्त्व सांगण्यास एवढे पुरेसे आहे.

सातबारा हीदेखील जोडणीच

माहितीसंच जोडणे म्हणजे काय, हे आपणांस परक्या उदाहरणाने समजावून घेण्याची गरज नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कोणाची हे त्यात असते. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. त्या जमिनीत काय पिकले हे त्यात असते. हे दोन स्वतंत्र नमुने गट क्रमांकाच्या आधाराने एकत्र मांडले की आपला सातबारा उतारा तयार होतो. दोन नोंदवह्या, दोहोंत असलेला एक समान क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून घातलेली सांगड : संगणकातील जोडणीचे तत्त्व याहून वेगळे नाही.

१९७० साली आय. बी. एम. या कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी हेच तत्त्व गणिताच्या भाषेत मांडले. माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी आणि समान मूल्यांवरून ते तक्ते एकमेकांशी जोडावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून पुढे एस. क्यू. एल. ही प्रश्न विचारण्याची भाषा निर्माण झाली. तिला १९८६ साली अमेरिकेत व १९८७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण भाषा म्हणून मान्यता मिळाली.

भाषा प्रमाण झाली तरी बोली निराळ्या राहिल्या. ओरॅकल, एस. क्यू. एल. सर्व्हर, मायएस. क्यू. एल., पोस्टग्रेस या प्रत्येकाने प्रमाण भाषेत आपापली भर घातली. शिवाय तारेवरून प्रश्न कसा पाठवायचा आणि उत्तर कसे आणायचे, याची प्रत्येकाची पद्धत स्वतंत्र राहिली. एका खात्याने आपला माहितीसंच एका साली घेतला, दुसऱ्याने दहा वर्षांनी दुसरा घेतला, तिसऱ्या कार्यालयात एखाद्या हौशी कर्मचाऱ्याने फॉक्सप्रोमध्ये स्वतःच यादी बांधली. यात कोणाची चूक म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपल्या वेळेस हाताशी असलेले साधन वापरले. अडचण उभी राहते ती या सर्वांनी एकमेकांशी बोलावे अशी गरज निर्माण झाल्यावर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

येथे ड्रायव्हर हा शब्द येतो. हा गाडी हाकणारा नव्हे. हा दुभाषा आहे. आपल्या आज्ञावलीचा प्रश्न तो विशिष्ट माहितीसंचाच्या बोलीत नेतो व उत्तर परत आणतो. पूर्वी प्रत्येक आज्ञावलीस प्रत्येक माहितीसंचासाठी वेगळा दुभाषा लिहावा लागे. दहा आज्ञावल्या आणि आठ माहितीसंच असतील तर ऐंशी जोड्या होत. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओ. डी. बी. सी. ही पद्धत आणली. तिच्यात आज्ञावलीने एकाच ठरलेल्या रीतीने बोलावे आणि प्रत्येक माहितीसंचाने आपला एक दुभाषा द्यावा, अशी वाटणी झाली. ऐंशी जोड्यांच्या जागी दहा आणि आठ मिळून अठरा भाग पुरेसे झाले. १९९७ साली जावा या भाषेसाठी जे. डी. बी. सी. ही अशीच व्यवस्था आली.

ही मोठीच सोय झाली. तथापि, तिच्यामुळे सारा भार एका दुभाष्यावर आला. तो हजर नसेल किंवा त्याचे जुळत नसेल, तर दोन्ही बाजू ठणठणीत असूनही संवाद थांबतो. तो कोठे थांबतो, हे पाहू.

दुभाषा कोठे अडतो?

पहिले कारण बिटांचे. जुन्या आज्ञावल्या ३२ बिटांच्या असत. आजचे संगणक ६४ बिटांचे आहेत. ड्रायव्हर हा आज्ञावलीच्या स्मृतीत तिच्या अंगाचाच भाग होऊन काम करतो. म्हणून ३२ बिटांच्या आज्ञावलीस ३२ बिटांचाच ड्रायव्हर लागतो आणि ६४ बिटांच्या आज्ञावलीस ६४ बिटांचाच. फॉक्सप्रोचेच पाहा. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि कंपनीचा आधार २०१५ साली संपला. तिचे ड्रायव्हर ३२ बिटांचेच राहिले. यात आणखी एक गमतीदार खोच आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ड्रायव्हर नोंदविण्याची दोन दालने असतात. त्यांपैकी 'सिस्टीम ३२' या नावाच्या दालनात ६४ बिटांचे साधन असते, आणि ज्याच्या नावात ६४ आहे त्या 'सिसवाऊ ६४' मध्ये ३२ बिटांचे! ड्रायव्हर बसविला असूनही सापडत नाही, अशी तक्रार आली तर प्रथम हे पाहावे. अनेकदा तो चुकीच्या दालनात नोंदविलेला असतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. मायएस. क्यू. एल. ने २०१८ साली आपल्या आठव्या आवृत्तीत ओळख पटविण्याची रीत बदलली. पोस्टग्रेसने २०२१ साली चौदाव्या आवृत्तीपासून अधिक कडक रीत नेहमीची केली. २०२१ सालीच संदेश गुप्त ठेवण्याच्या टी. एल. एस. या पद्धतीच्या पहिल्या दोन आवृत्त्या, १.० आणि १.१, अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या. जुन्या दुभाष्याला ही नवी खूण ठाऊक नसते, आणि दारावरचा पहारेकरी त्याला आत सोडत नाही. अशा वेळी पहाराच सैल करावा असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एका जुन्या संगणकासाठी सर्व जिल्ह्याच्या नोंदींचे दार उघडे टाकणे हा उपाय नव्हे.

तिसरे कारण व्यवस्थेचे. एखादा ड्रायव्हर केवळ विंडोजसाठी निघालेला असतो आणि आपला सर्व्हर लिनक्सवर असतो. किंवा ज्या पुलावर आपण विसंबून होतो, तो पूलच पुढे काढून टाकला जातो. जावामधून ओ. डी. बी. सी. कडे जाणारा पूल २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीतून वगळण्यात आला, आणि ज्यांची कामे त्यावरून चालत होती त्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

चौथे कारण अर्थाचे आहे, आणि ते सर्वांत फसवे आहे. कारण येथे जोडणी होते, पण अर्थ बदलतो. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि 'माहीत नाही' ही नोंद एकच समजली जाते. इतर बहुतेक माहितीसंच या दोहोंत भेद करतात. एका ठिकाणी दिवस आधी लिहितात, दुसऱ्या ठिकाणी महिना. पाच जूनचा सहा मे होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

देवनागरीची स्वतंत्र अडचण

मराठीत काम करणाऱ्या आपल्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. दरम्यान आपल्या कार्यालयांतून निरनिराळ्या फॉण्टांवर आधारलेले टंकलेखन रूढ झाले. त्यात पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठविलेली चिन्हे इंग्रजी अक्षरांची असत. अशी यादी ड्रायव्हरने प्रामाणिकपणे जशीच्या तशी आणली तरी दुसऱ्या बाजूस ती अगम्य अक्षरांची रांग ठरते. म्हणून ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते.

रूपांतर झाल्यावरही सावध राहावे लागते. युनिकोडच्या यू. टी. एफ. ८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांची जागा घेते. इस्कीमध्ये ते एकाच बाइटात बसत असे. नावाचा रकाना ३० बाइटांचा असेल तर त्यात केवळ दहा चिन्हे मावतात. 'सावित्रीबाई' या नावात काना, वेलांटी व हलन्त धरून अकरा चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. शेवटची 'ई' बाहेर राहते, अथवा सर्व नोंदच नाकारली जाते. तसेच 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकास ती दोन भिन्न आडनावे वाटतात आणि जोडणी फसते.

याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जोडणी नावावरून करू नये, संकेतांकावरून करावी. आपल्या राज्यात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत, हे पंचायत सदस्यांस मी सांगावयास नको. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास व ग्रामपंचायतीस स्वतंत्र संकेतांक आहे. प्रत्येक शाळेस अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे, आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे ते २७ आहेत. जम्मू-काश्मीरचे ०१ आहेत. तेथील शाळांची यादी स्प्रेडशीटमध्ये संख्या म्हणून उघडली की पहिले शून्य नाहीसे होते. संकेतांक हा अंकांनी लिहिलेला असला तरी ती बेरीज करावयाची संख्या नव्हे. ते नावच आहे, आणि ते मजकूर म्हणूनच साठविले पाहिजे.

उपाय : सोप्यापासून अवघडाकडे

सोलापूर जिल्ह्यातील आपणांपैकी वडीलधाऱ्यांना कुर्डुवाडीचे जुने जंक्शन आठवत असेल. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची, आणि मुंबईकडे जाणारी मुख्य लाइन रुंद मापाची. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर जाऊ शकत नसे. तेथे माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरत. पुढे ही सारी लाइन रुंद झाली. पण ती होईपर्यंत व्यापार थांबला नाही, कारण मधले स्थानक नीट चालविले जात होते. आपले उपायही याच क्रमाने पाहता येतील.

पहिला उपाय, योग्य दुभाषा शोधणे. आज्ञावली किती बिटांची आहे हे आधी पाहावे आणि त्याच बिटांचा, माहितीसंचाच्या आवृत्तीस चालणारा ड्रायव्हर बसवावा. मूळ कंपनीने तो दिला नसेल तर मुक्त स्वरूपाचे पर्याय असतात. एस. क्यू. एल. सर्व्हरशी लिनक्सवरून बोलण्यासाठी फ्रीटीडीएस हे असे एक साधन वर्षानुवर्षे वापरात आहे.

दुसरा उपाय, मधले स्थानक. जुना ड्रायव्हर ज्या संगणकावर चालतो तो एक संगणक, बाहेरच्या जाळ्यापासून दूर, केवळ या कामासाठी राखून ठेवावा. जुनी माहिती त्याने वाचावी आणि नव्या रीतीने पुढे द्यावी. नव्या यंत्रणेस जुन्या ड्रायव्हरशी संबंधच उरत नाही.

तिसरा उपाय, माहितीसंचानेच दुसऱ्या माहितीसंचाशी बोलणे. एस. क्यू. एल. सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर, ओरॅकलमध्ये गेटवे व पोस्टग्रेसमध्ये फॉरेन डेटा रॅपर या नावाने ही सोय आहे. परका तक्ता आपल्याच घरातला असल्यासारखा दिसतो. ड्रायव्हर येथेही लागतो, परंतु तो प्रत्येक टेबलावरच्या संगणकाऐवजी एकाच सर्व्हरवर बसवून भागते. मात्र अशा जोडणीस केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा नव्हे.

चौथा उपाय, फाइल थेट वाचणे. फॉक्सप्रो व डीबेसच्या डी. बी. एफ. फाइलींची रचना इतकी सरळ आहे की त्या ड्रायव्हरशिवायही वाचता येतात. तथापि, एक धोका लक्षात ठेवावा. या फाइलीत खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या आरंभी तारांकित खूण केली जाते आणि फाइल आवळून घेईपर्यंत ती तशीच राहते. ती खूण न पाहता फाइल वाचली तर वगळलेली नावे यादीत परत येतात.

पाचवा उपाय, मजकुराच्या फाइलीने देवाणघेवाण. ही मागास पद्धत आहे असे काही म्हणतात. मी तसे मानत नाही. शिस्तीने केली तर ती भरवशाची असते. फाइल यू. टी. एफ. ८ मध्ये असावी, पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, संकेतांक व खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवावेत, आणि वाटेत ती स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा साठवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्याबरोबर गोषवारा पाठवावा : एकूण नोंदी किती, रकमांची बेरीज किती, आणि क्रमांकाच्या रकान्यात किती अंकी क्रमांक किती आहेत. स्वीकारणाऱ्याने तोच गोषवारा स्वतः काढून ताळा घ्यावा. त्या बाईंच्या यादीत नोंदींची संख्या जुळत होती, रकमांची बेरीजही जुळत होती. सोळा अंकी प्रत्येक क्रमांक शून्यावर संपतो आहे, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

सहावा आणि दूरचा उपाय म्हणजे प्रत्येक खात्याने आपल्या माहितीपुढे एक ठरलेली खिडकी उघडणे. बाहेरच्याने खिडकीवर प्रश्न विचारावा. आत कोणता माहितीसंच आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसावे. एस्टोनिया या छोट्या देशाने २००१ सालापासून एक्स-रोड नावाने अशी व्यवस्था चालविली आहे. सर्व नोंदी एका जागी न आणता प्रत्येक संस्थेने आपल्या नोंदी आपल्याकडेच ठेवाव्यात आणि स्वाक्षरी व वेळ नोंदवून प्रश्नोत्तरे करावीत, असे तिचे तत्त्व आहे. भारत सरकारनेही २०१० साली ई-शासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ साली शासकीय प्रणालींनी अशा खुल्या खिडक्या ठेवाव्यात याचे धोरण जाहीर केले आहे.

आपले काम काय?

हे सर्व तांत्रिक काम तज्ज्ञ करतील. परंतु काही गोष्टी आपणच विचारावयाच्या आहेत. नवी प्रणाली घेताना अधिकाऱ्यांनी विचारावे : हिच्यातील सर्व माहिती आम्हांला केव्हाही, कोणाच्या परवानगीवाचून, खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल काय? पुरवठादार उद्या नसेल तर ती कशी वाचावी, हे लिहून मिळेल काय? या दोन अटी करारात असल्या तर आजची पुष्कळशी दुखणी उद्भवलीच नसती.

शिक्षकांनी शाळेची माहिती भरताना क्रमांक आणि नावाचे लेखन एकच ठेवावे; एका यादीत आडनाव आधी व दुसऱ्या यादीत नाव आधी, असे करू नये. पंचायत सदस्यांनी यादी वाचताना 'आपल्या गावची एकूण संख्या गेल्या महिन्याइतकी आहे का, आणि नसल्यास कोण वगळले गेले,' हा प्रश्न विचारावा. संगणकाचे काहीही ज्ञान नसताना विचारता येणारा आणि सर्वांत उपयोगी पडणारा असा हा प्रश्न आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जोडता येते म्हणून सर्व काही जोडावे असे नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली कायदा संमत झाला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली, तेवढ्यापुरतीच आणि तेवढीच जोडावी. शिष्यवृत्तीच्या कामास विद्यार्थ्याचा क्रमांक व बँक खाते लागते. त्याच्या घरच्यांच्या आजारपणाची नोंद लागत नाही.

त्या बाईंचा खाते क्रमांक मूळ अर्जावरून पाहून त्याच दिवशी दुरुस्त झाला. इतर पाच-सहा जणांचेही क्रमांक काढले. पुढच्या महिन्यात मागील रकमेसह पैसे जमा झाल्याचे मला कळले. जाताना बाईंनी एवढेच विचारले होते, "माझं नाव होतं ना यादीत?" नाव होते. नाव यादीत असणे आणि मदत घरी पोहोचणे, यांमध्ये केवढे अंतर असू शकते ते मला त्या दिवशी उमगले. ते अंतर कमी करणे हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे, आणि त्यात आपणां प्रत्येकाचा वाटा आहे.